डावखुरा

मी बोर्ड रंगवणारा. इतवारीत, सदतीस वर्षं.
पाटीवर ब्रश दिसला की गिऱ्हाईक पैसे कापतं.
आमचे उस्ताद गफूर पेंटर
वाळलेल्या अक्षरावरून बोटाचं पेर फिरवायचे,
काठ लागला की सगळं पुसायला लावायचे :
"रंग दिसू दे. हात नको."

सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या इमारतीत
डेहनकर मॅडमनी बोलावलं होतं,
चित्रांखालच्या पट्ट्या लिहायला.
काळ्यावर पिवळं, अक्षर पाऊण इंच.
बाहेर मे. डांबर चपलेला धरून ठेवत होतं.

हे चित्र कोपऱ्यात होतं, मापानं उशीएवढं.
एक बाई निंबाखाली तांदूळ निवडते,
आणि तिचा चेहरा हिरवा.
सावळा नाही, निमगोरा नाही, चक्क हिरवा :
गालावर कैरीचा, हनुवटीखाली शेवाळाचा,
कानाच्या पाळीला मात्र एक लाल ठिपका,
चूक वाटावी असा.
"शाळेची पोट्टी लय हसतात जी," वॉचमन म्हणाला.

मला हसू आलं नाही.
दर उन्हाळ्यात आमच्याकडे
चौकाचौकात सिग्नलवर हिरवी जाळी टांगतात.
तिच्याखाली थांबलेले सगळेच नव्वद सेकंद हिरवे होतात :
दुपट्ट्यात डोकं गुंडाळलेल्या पोरी, दूधवाला,
शिट्टी तोंडात विसरलेला पोलीस.
कुणी कुणाला हसत नाही.
ह्या माणसानं ते तेव्हाच पाहून ठेवलं,
जाळी नव्हती, निंब होता.

मग जवळ गेलो, नाक टेकेल इतका.
मॅडम खोकल्या. पाऊल मागे घेतलं,
नजर तिथंच ठेवली.

सुपाची कड म्हणजे गेरूचा एकच फटका.
उजवीकडे भरलेला, मग पातळ,
मग नुसते केस ओरखडत गेलेले.
ब्रश पुन्हा बुडवता आला असता.
बुडवला नाही.
आणि सुपात तांदूळ रंगवलेलेच नाहीत!
कापड उघडं सोडलंय,
आपणच त्याचे दाणे करून घेतो.

पदर शेंदरी, त्याला खेटून जांभळा,
वाटणीच्या दिवशी भाऊ उभे राहतात तसे.
मागची भिंत पिवळी,
पिवडीची नाही, तापाची,
सुरीनं भाकरीसारखी थापलेली.
त्या जाड पिवळ्यात ब्रशचा एक केस अडकलाय.
काढला नाही त्यानं.
उस्तादांनी कानशिलात दिली असती.

मी हवेत ती सुपाची रेघ ओढून पाहिली.
जमेना. मनगट मध्येच अडायचं,
दाब भलत्या टोकाला पडायचा.
पुन्हा पाहिली. पुन्हा.
वॉचमननं मान फिरवली.
हात बदलला,
आणि डाव्या हातानं ती सरळ गेली,
गुळगुळीत उतारावरून सायकल जावी तशी.

"मॅडम, हा माणूस डावखुरा होता."

त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
"फाइलीत असं काही नाही हो."
फाइल उघडून दाखवलीसुद्धा :
स्त्री, तांदूळ निवडताना. सुमारे १९३५.
चित्रकार अज्ञात.
तेच मला लिहायचं होतं.

लिहायला बसलो. 'स्त्री' नेहमीसारखी आली,
आरशागत, कुठं काठ नाही.
तांदूळ आले, आकडे आले.
'अज्ञा'पर्यंत हात चालला
आणि तिथं ब्रश धरून बराच वेळ बसलो.
कूलरचं पाणी संपलं होतं, नुसता पंखा खडखडत होता.
कुणाचं तरी मनगट आत्ताच माझ्या मनगटातून गेलं होतं,
घाईचं, थोडं हट्टी,
चूक दिसली तर दिसू दे म्हणणारं,
आणि मला लिहायचं होतं की तो कोण ते माहीत नाही.

'त' डाव्या हातानं ओढला.
थोडा कलला. दंडा खाली जाताना कोरडा पडला.

मॅडम वाकून पाहत होत्या.
"इथं ब्रशचा केस राहिलाय का हो?"

"राहू द्या जी."